सीडी राईट करून मिळेल

‘झेरॉक्स, लॅमिनेशन, डीटीपी, सीडी राईट करून मिळेल.’ एसटी स्टँडसमोर, कॉलेजच्या रस्त्यावर पंधरा-वीस वर्षांपूर्वी अशा पाट्या सर्रास दिसायच्या. झेरॉक्स टिकली, लॅमिनेशन टिकलं, सीडी गेली. तुम्ही विशीच्या अलीकडचे असाल, तर सीडी ही वस्तू शेतात पाखरं हाकलायला टांगलेली किंवा गणपतीच्या सजावटीत चिकटवलेलीच पाहिली असण्याची शक्यता जास्त.

माझा जन्म नव्वदीच्या शेवटचा. मला कळायला लागलं तेव्हा कॅसेट संपत आली होती आणि स्मार्टफोन यायचा होता. मधली काही वर्षं अशी होती की गाणी कॉम्प्युटरवर फाइलींत असायची आणि ऐकणारी माणसं हॉलमधल्या प्लेअरसमोर. या दोघांची गाठ घालून द्यायचं काम म्हणजे सीडी राईट करणं. तेव्हा त्यात विशेष काही वाटलं नाही. पुढे सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला लागल्यावर लक्षात आलं की आमच्या धंद्यातला एक कायमचा अवघड प्रश्न तिथे फार सुरेख सोडवलेला होता. जुन्या यंत्राला हातही न लावता, नवी गोष्ट त्याला समजेल अशी कशी करायची? तो कसा सोडवला आणि त्या उत्तरावर विसंबून आपण घरोघरी काय गमावत चाललोय, त्याबद्दल हा लेख.

प्लेअरला एवढंच कळतं

सीडी फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून घडवली. तिचे नियम १९८० मध्ये ठरले. मुखपृष्ठाच्या रंगावरून त्या नियमांच्या पुस्तकाला ‘रेड बुक’ म्हणतात. १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा पहिला प्लेअर जपानमध्ये विक्रीला आला.

नियम कडक होते. आवाजाचं माप दर सेकंदाला ४४,१०० वेळा घ्यायचं. प्रत्येक माप १६ बिटांत लिहायचं. डावा आणि उजवा असे दोन चॅनेल. गुणाकार केला की सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. हे सगळं १२ सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीवर, आतून बाहेर जाणाऱ्या पाच किलोमीटरहून लांब सर्पिल रेघेत, सूक्ष्म खड्ड्यांच्या रूपात. प्लेअरमधला लेझर त्या रेघेवरून जातो. खड्डा आला की परतणारा प्रकाश कमी होतो, सपाट जागा आली की वाढतो. त्या कमीजास्त होण्यातून आकडे आणि आकड्यांतून आवाज.

घरातल्या प्लेअरला यापलीकडे काही येत नव्हतं. फाइल म्हणजे काय, फोल्डर म्हणजे काय, गाण्याचं नाव काय, कशाचाच पत्ता नाही. डिस्कच्या आतल्या कडेला एक अनुक्रमणिका असते. पहिलं गाणं अमुक मिनिटाला सुरू होतं, दुसरं तमुक मिनिटाला. ती वाचायची आणि वाजवायला लागायचं. या प्लेअरला अपडेट नावाची भानगड नव्हती. दुकानातून आणला त्या दिवशी जे येत होतं, तेच शेवटपर्यंत.

खड्डे नसलेली सीडी

कारखान्यात सीडी साच्यातून काढतात. साच्यावर उंचवटे, त्यावर वितळलेलं पॉलिकार्बोनेट दाबलं की खड्डे तयार. लाखो प्रती काढायच्या तर हे स्वस्त पडतं. एकच प्रत हवी असेल तर साचा कोण बनवणार?

याचं उत्तर जपानच्या ताइयो युदेन या कंपनीने १९८८ मध्ये दाखवलं. कोऱ्या डिस्कमध्ये परावर्तक थराखाली सेंद्रिय रंगाचा पातळ थर द्यायचा. राईट करताना लेझर जास्त शक्तीने चालवायचा. जिथे तो पडेल तिथला रंग तापून बदलतो. वाचताना तोच लेझर मंद चालतो. बदललेल्या ठिकाणाहून प्रकाश कमी परततो आणि प्लेअरला वाटतं, इथे खड्डा आहे. प्रत्यक्षात तिथे भाजलेल्या रंगाचा ठिपका असतो. १९८२ साली विकत घेतलेल्या प्लेअरला जी गोष्ट कुणी कधी शिकवलीच नाही, ती त्याच्या जुन्या समजुतीचा आदर करून अशी गळी उतरवली. कोऱ्या सीडीची खालची बाजू हिरवट किंवा निळसर का दिसायची, तेही यातून कळतं. तो या रंगाचाच थर.

या पद्धतीचे नियम १९९० मध्ये ‘ऑरेंज बुक’मध्ये आले. सुरुवातीचे रायटर फक्त स्टुडिओंना आणि मोठ्या कचेऱ्यांना परवडायचे. १९९५ मध्ये एचपीने हजार डॉलरच्या आतला रायटर आणला आणि तिथून किमती घसरत गेल्या.

कोऱ्या सीड्यांच्या गोष्टीत भारताचाही मोठा वाटा आहे. मोझर बेअर ही कंपनी १९८३ मध्ये वेळ नोंदवणारी यंत्रं बनवायला सुरू झाली, मग फ्लॉपीकडे वळली आणि १९९९ च्या सुमारास कोऱ्या सीड्यांकडे. नोएडातून ती जगभर डिस्क पाठवू लागली आणि या धंद्यातल्या जगातल्या सर्वांत मोठ्या उत्पादकांत जाऊन बसली. राईट करून देणाऱ्या दुकानदाराच्या टेबलावर सळईला ओवलेली पन्नास सीड्यांची जी चळत असायची, ती तिथवर स्वस्तात पोचण्यामागे अशा कारखान्यांची स्पर्धा होती.

चार एमबी आणि बेचाळीस एमबी

दुसऱ्या बाजूला जर्मनीत एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी वेगळ्याच प्रश्नाशी झगडत होते. सेकंदाला चौदा लाख बिट टेलिफोनच्या तारेतून पाठवायचे कसे? त्यांनी माणसाच्या कानाचा अभ्यास वापरला. मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज आपल्याला ऐकू येत नाही. मग तो नीट लिहून तरी कशाला ठेवायचा? अशी काटछाट करत त्यांनी आकार दहा-अकरा पटीने कमी केला. सुझान व्हेगाचं ‘टॉम्स डायनर’ हे गाणं त्यांनी चाचणीसाठी पुन्हा पुन्हा ऐकलं, कारण साथीविना गायलेल्या एकट्या आवाजात खोट लगेच पकडली जाते. १४ जुलै १९९५ रोजी या फाइलींचं शेपूट ‘एमपीथ्री’ असं नक्की झालं. १९९७ मध्ये विनॲम्प आला, १९९९ मध्ये नॅपस्टर, आणि गाणी फाइलींच्या रूपात जगभर फिरू लागली.

पण हॉलमधल्या प्लेअरला एमपीथ्री म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. म्हणून राईट करणारं सॉफ्टवेअर आधी फाइल उलगडायचं. चार मिनिटांच्या गाण्याची चार एमबीची फाइल फुगून बेचाळीस एमबी व्हायची आणि मग डिस्कवर जायची. काटछाट करताना फेकून दिलेला आवाज काही परत यायचा नाही. फक्त आकार मूळ सीडीएवढा व्हायचा.

दुकानात हमखास होणारा वाद यातूनच निघायचा. ‘सीडीवर सातशे एमबी लिहिलंय, माझी सगळी गाणी मिळून दोनशे एमबी, मग बसत का नाहीत?’ कारण ऑडिओ सीडीत हिशेब एमबीचा नसतो, मिनिटांचा असतो. जुन्या सीडीची मर्यादा ७४ मिनिटं, नंतरच्यांची ८०. पाच मिनिटांची सोळा गाणी बसली की डिस्क संपली, मग फाइल चार एमबीची असो की दोनची.

इथे एक गमतीची तांत्रिक गोष्ट आहे. सीडीवरच्या एका सेकंदाचे ७५ तुकडे केलेले असतात. गाणं असेल तर एका तुकड्यात २,३५२ बाइट मावतात. फाइल असेल तर फक्त २,०४८. उरलेली जागा चुका ओळखायच्या आणि दुरुस्त करायच्या जादा माहितीसाठी जाते. गाण्यातला एखादा आकडा चुकला तर कानाला पत्ता लागत नाही. हिशेबाच्या फाइलीत एक आकडा चुकला तर सगळंच चुकतं. म्हणून गाण्याला जागा जास्त आणि सुरक्षा कमी. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

नीरो, लोडशेडिंग आणि फायनलाइज

कॉम्प्युटरवर राईट करायचं सर्वांत परिचित सॉफ्टवेअर म्हणजे जर्मनीतून आलेलं ‘नीरो बर्निंग रॉम’. रोम जळत होतं तेव्हा नीरो वाद्य वाजवत बसला होता, या दंतकथेवरचा विनोद त्या नावात आहे. आयकॉनवर पेटलेलं कलोसियम असायचं. विनोद कळायला मला कॉलेजपर्यंत थांबावं लागलं.

राईट करणं सुरू झालं की लेझरला थांबता यायचं नाही. कॉम्प्युटरकडून माहिती यायला क्षणभर उशीर झाला, तरी जुन्या रायटरमध्ये डिस्क फुकट जायची. म्हणून राईट चालू असताना कुणी माउसला हात लावायचा नाही, गेम तर लांबच. २००० मध्ये सान्योने ‘बर्न-प्रूफ’ तंत्र आणलं. माहिती खुंटली की लेझर थांबतो आणि नेमका तिथूनच पुढे सुरू करतो. त्या तंत्राकडे महाराष्ट्रातल्या लोडशेडिंगवर मात्र इलाज नव्हता. वीज गेली की सीडी गेली. आमच्या भागात वीज जायची-यायची वेळ ठरलेली असायची आणि राईट करणारे त्या वेळा पाहून बसायचे.

शेवटी ‘फायनलाइज’ करायचं. म्हणजे आतल्या कडेची ती अनुक्रमणिका लिहून डिस्क बंद करायची. ते राहिलं, तर कॉम्प्युटरवर वाजणारी सीडी घरच्या प्लेअरवर ‘नो डिस्क’ दाखवायची. माझा धाकटा काका सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी घरचंच एक कॉम्प्युटर घेऊन बसायचा. त्याचं एक पालुपद होतं, ‘अरे, स्पीड कमी ठेव. आप्पांच्या प्लेअरवर अडकते.’ आप्पा म्हणजे माझे आजोबा. वेगाने राईट केलेल्या डिस्कवरचे ठिपके पुरेसे ठसठशीत उमटले नाहीत, तर म्हाताऱ्या लेझरला ते वाचताना त्रास व्हायचा. ५२ पट वेगाने तीन मिनिटांत होणारं काम काका मुद्दाम आठ पट वेगाने दहा मिनिटं करायचा.

दीडशे गाण्यांची डिस्क

मग स्वस्त डीव्हीडी प्लेअर आले. त्यांच्या चिपमध्ये एमपीथ्री उलगडायची सोय आधीच होती. आता फाइली जशाच्या तशा डिस्कवर टाकल्या तरी चालायचं. सोळा गाण्यांऐवजी दीडशे, ऐंशी मिनिटांऐवजी बारा तास. टीव्हीच्या पडद्यावर गाण्यांची यादी यायची आणि रिमोटवर आकडा दाबायचा.

यादी मात्र रोमन लिपीतच करावी लागायची. देवनागरीत नाव दिलं, की या प्लेअरवर चौकोन नाहीतर प्रश्नचिन्हं उमटायची. नावं लांब असली तर आठ अक्षरांत तोडली जायची. त्यामुळे अभंग कोणता आणि लावणी कोणती, ते कळायला आधार एकच, डिस्कवर मार्करने लिहिलेला मजकूर. तो लिहिणाऱ्या माणसाला त्यात काय आहे ते नक्की ठाऊक असायचं. बाकीच्यांनी अंदाज करायचा.

पैसे कुणाचे?

या सगळ्यात गाणाऱ्याला काय मिळालं, हा प्रश्न टाळता येत नाही. अमेरिकेने १९९२ मध्येच कायदा करून घरगुती डिजिटल रेकॉर्डरच्या किमतीवर दोन टक्के आणि त्यांच्या कोऱ्या माध्यमांवर तीन टक्के आकार लावला. ते पैसे संगीतवाल्यांत वाटायचे. टीव्हीशेजारी ठेवायच्या रेकॉर्डरला म्हणून ‘म्युझिक’ असं छापलेल्या खास, महाग कोऱ्या सीड्याच लागायच्या. कॉम्प्युटरचे रायटर या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले आणि लोकांनी कॉम्प्युटरच वापरला.

आपल्याकडे असा आकार नव्हता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात खासगी वापरासाठी सूट आहे, पण दुकानात दीडशे गाण्यांच्या सीड्या राईट करून विकणं त्यात बसत नाही. ती चोरीच होती आणि ती उघड चालायची. २००७ च्या सुमारास मोझर बेअरने सिनेमांच्या अधिकृत व्हीसीडी २८ रुपयांना विकायला काढल्या, तो याच बाजाराशी किमतीत दोन हात करायचा प्रयत्न होता. पुढे पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड आलं, मग स्वस्त डेटा. २०१८ मध्ये ही कंपनी अवसायनात निघाली.

कॅसेट भंगारात गेली

सिनेमाची गाणी कुठे ना कुठे राहतील. माझी काळजी दुसऱ्या सीड्यांची आहे.

त्या काळात घरोघरी आणखी एक काम झालं. टू-इन-वनवर घरीच भरलेल्या कॅसेटी लोकांनी सीडीवर घेतल्या. टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढायची, कॉम्प्युटरच्या साउंड कार्डात घालायची आणि तासाभराची कॅसेट तासभर बसून वाजवायची. काकाने आमच्या भजनी मंडळाचा काकडा असा घेतला. त्यात आप्पांचा पखवाज आहे. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला शेवटी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते, तो भाग होता. सगळं एका ऑडिओ सीडीवर बसलं. मग ‘सीडीवर घेतलंय ना’ म्हणून कॅसेटी भंगारवाल्याला गेल्या. पुढे कॉम्प्युटरची हार्ड डिस्क उडाली. राहिली ती एक सीडी.

काकाला दोष देण्यात अर्थ नाही. सीडी शंभर वर्षं टिकेल असं काही उत्पादक तेव्हा सांगत होते आणि कॅसेट गुंडाळते, बुरशी धरते, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

गेल्या वर्षी ती सीडी मी वाचायला घेतली. काकडा स्वच्छ आला. सीडी आतून बाहेर लिहिली जाते, म्हणजे शेवटचा ट्रॅक बाहेरच्या कडेला. हाताळताना बोटं तिथेच लागतात आणि रंगाच्या थराला हवा-दमट तिथूनच गाठते. ओव्यांचा पहिला भाग मिळाला. शेवटची सात मिनिटं कुठल्याही ड्राइव्हवर वाचता आली नाहीत. आजी आता नाही.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सुरू केलेल्या कामातून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आणि २०१७ पासून ‘परी’च्या संकेतस्थळावर त्या येत आहेत. ज्या आवाजांपर्यंत असं कुणी पोचलं, ते वाचले. बाकीचे आपापल्या घरच्या कपाटात आहेत.

शेवटपर्यंत चांगलीच वाटते

राईट केलेल्या सीडीचा धोका कॅसेटपेक्षा वेगळा आहे. कॅसेट हळूहळू खराब होते. आवाज दबतो, खरखर वाढते, आपल्याला ऐकून कळतं की आता हालचाल करायला हवी. सीडीत चुका दुरुस्त करायची गणिती सोय आहे. अर्व्हिंग रीड आणि गुस्टाव्ह सॉलोमन या दोघांनी १९६० मध्ये मांडलेल्या पद्धतीवर ती उभी आहे. रंग विरत जातो, चुका वाढत जातात, आणि प्लेअर त्या मुकाट्याने दुरुस्त करत राहतो. दुरुस्त होईना, तर शेजारच्या आकड्यांवरून अंदाजाने भरून काढतो. ऐकणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. मग एक दिवस चुका गणिताच्या आवाक्याबाहेर जातात आणि तो ट्रॅक वाजतच नाही. म्हणून ‘परवाच लावली होती, छान वाजली’ हा सीडीच्या तब्येतीचा पुरावा धरता येत नाही. गाण्याच्या तुकड्याला सुरक्षा कमी असते हे वर आलंच आहे, त्यामुळे ऑडिओ सीड्या आधी वाचायला घ्या.

या रंगाला ऊन, उष्णता आणि दमट हवा मानवत नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २००३ मध्ये डिस्क सांभाळण्याची पुस्तिका काढली. तिच्यातल्या सूचना साध्या आहेत: डिस्क उभी ठेवा, उन्हात ठेवू नका, वरून चिकटपट्टीची लेबलं लावू नका. आपण नेमकं उलट केलं. कोकणातल्या पावसाळ्यात, विदर्भातल्या मे महिन्यात, पत्र्याखालच्या माळ्यावर, एकावर एक रचून ठेवल्या.

काय करता येईल

नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतो. यूएसबीने जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह विकत मिळतो, एखाद्या मित्राकडेही पडून असेल. डिस्कवर एमपीथ्री फाइली असतील तर त्या नुसत्या कॉपी करायच्या. ऑडिओ सीडी असेल तर ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’सारखं सॉफ्टवेअर वापरा; ते शंकास्पद तुकडे पुन्हा पुन्हा वाचून पाहतं आणि कुठे जमलं नाही ते सांगतं. एका ड्राइव्हवर वाचली नाही म्हणून डिस्क टाकू नका, दुसऱ्यावर पाहा. माझ्या दोन डिस्क दुसऱ्या ड्राइव्हवर वाचल्या गेल्या.

साठवताना फ्लॅकमध्ये साठवा. बहुतेक घरगुती सीड्यांवरचा आवाज आधीच एकदा एमपीथ्रीच्या कात्रीतून गेलेला आहे. पुन्हा एमपीथ्री केलं तर पुन्हा काटछाट होईल. फ्लॅक आकार कमी करतं, पण आवाजातलं काही टाकत नाही. मग दोन-तीन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवा, आणि त्यातली एक घराबाहेर.

हे सगळं तुम्ही एका सुट्टीत करू शकाल. अवघड काम निराळं आहे. मार्करची अक्षरं पुसट झालेली असतात आणि ‘भजन २’ एवढ्यावरून काही कळत नाही. तो पखवाज कुणाचा, मागे कोण खोकतंय, वर्ष कोणतं, हे सांगणारी माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. दिवाळीच्या साफसफाईत सीड्यांचा डबा भंगारात निघण्याआधी त्यांच्याशेजारी बसा, एकेक ट्रॅक लावा आणि ते सांगतील ते फाइलीच्या नावात लिहून घ्या. आता देवनागरीत लिहिलं तरी चालतं.